लांब वळणावरचे तेल

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा जुन्या शर्यतीच्या गाड्यांची इंजिने बांधणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला मागे टाचला आहे. त्याच दाखल्यात फुप्फुसांबद्दल जे लिहिले आहे तेही खरे आहे, म्हणून ही घाई. मला कोणी धाक दाखवलेला नाही आणि कोणी गोड बोलून काही लिहून घेतलेले नाही. उलट वकीलबाई दोनदा म्हणाल्या, "मिस्त्री, एवढं कशाला लिहिताय? कोणाला काय द्यायचं तेवढं लिहा." मी म्हणालो, मला जे द्यायचे आहे त्यातले निम्मे लिहिल्याशिवाय देताच येत नाही.

याआधी मी दोन मृत्युपत्रे केली होती. ती दोन्ही रद्द समजावीत. त्यांत मी खोटे काही लिहिले नव्हते, पण खरेही लिहिले नव्हते.

कलम पहिले. लेथ मशीन, त्याच्या पुढ्यातली लाकडी फळी आणि भिंतीवरचा पंखा माझ्या लेथवाल्याला द्यावा. तो माझ्याकडे एकोणतीस वर्षे आहे. त्याला ऐकू कमी येते, त्यामुळे माझी बरीच बडबड त्याच्यावर वाया गेली आणि काम मात्र वेळेवर झाले. पंखा त्याने तीनदा दुरुस्त केला आणि तिन्ही वेळा वारा माझ्याकडे वळवून ठेवला. आता तो त्याने स्वतःकडे वळवावा.

कलम दुसरे. निळ्या पेटीतली हत्यारे माझी नाहीत. दोन कात्र्या, पाच लाकडी हातोडे, पत्रा वाकवायची पट्टी, गॅसची बत्ती आणि काळा चष्मा ही सगळी माझ्या पत्नीची. ती तंत्रशाळेत पत्राकामाच्या वर्गात एकटी मुलगी होती, नंतर वडिलांच्या दुकानात बसू लागली. मी तिथे एक सायलेन्सर जोडायला घेऊन गेलो. तिने तो उलटसुलट करून पाहिला आणि वडिलांना हाक मारली, "बाबा, हा फुटलेला नाही. कोणीतरी अडाण्याने फोडलाय." अडाणी समोरच उभा होता. पाच महिन्यांनी आमचे लग्न झाले. ही पेटी त्याच तंत्रशाळेच्या पत्राकामाच्या वर्गाला द्यावी. बत्तीची नळी वाळून कडक झाली आहे, ती आधी बदलावी. चौतीस वर्षे ती पेटवलेली नाही. का नाही, ते पुढे येईल.

कलम तिसरे. हे कलम वस्तूचे नाही, श्रेयाचे आहे.

माझा धाकटा भाऊ एका जागी बसत नसे, म्हणून घरात सगळे त्याला भिंगरी म्हणत. आम्ही दोघांनी मिळून एक लाल, उघडी, दोन जणांची जुनी स्पोर्ट्स गाडी भंगारातून उचलली आणि तीन वर्षे खपून उभी केली. बांधायचो मी, चालवायचा तो. जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर शर्यती होत. तिथे एक उजवे वळण आहे, इतके लांब की चालकाची मान दुखते. सरावाहून आल्यावर भिंगरी म्हणाला, "दादा, लांब वळणात तेलाच्या दाबाचा काटा झोपतो. बाहेर पडलो की परत उठतो."

ज्यांना यातले कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनाच्या पोटाखाली तेलाचा पसरट डबा असतो. आम्ही त्याला चेंबर म्हणतो. त्यात एक नळी बुडालेली असते. ती तेल ओढते आणि पंप ते बेअरिंगांना पोचवतो. सरळ रस्त्यावर सगळे गोडीगुलाबीने चालते. पण गाडी जोरात वळली की तेल चेंबरच्या एका भिंतीवर चढते, नळीचे तोंड उघडे पडते आणि ती हवा ओढू लागते. दोन सेकंद. कोरड्या बेअरिंगची वाट लागायला तेवढे पुष्कळ झाले. या गाड्या बांधणाऱ्यांनी अरुंद, निसरडे टायर धरून चेंबर केले होते. आम्ही रुंद, पकड घेणारे टायर घातले आणि चेंबर तसाच ठेवला. गाडी वळणात जास्त टिकू लागली, तेल टिकेना.

माझी पत्नी हे सगळे ऐकत होती. तिने भांडी विसळायचा पत्र्याचा ट्रे निम्मा पाण्याने भरला आणि माझ्या हातात दिला. "अहो, हा धरा आणि पळत त्या कोपऱ्यातून वळा." मी वळलो. पाणी सदऱ्यावर. भिंगरी हसून हसून जमिनीवर बसला. दोन दिवसांनी त्याच ट्रेमध्ये तिने पत्रे उभे करून मधोमध एक चौकोनी खोली केली होती. खोलीच्या प्रत्येक भिंतीला बिजागरीवर एकेक झडप, फक्त आतल्या बाजूला उघडणारी. "आता वळा." पाणी झडपा ढकलून आत शिरले आणि बाहेर पळायला निघाले तेव्हा झडपा मिटल्या. मधली खोली भरलेली ती भरलेलीच.

"सासरासारखं आहे," ती म्हणाली. "आत यायला दार, बाहेर जायला नाही."

ही झडपांची खोली तिची आहे. माझे एक गिऱ्हाईक, जुन्या गाड्या जमवणारे टोपीवाले संग्राहक, दहा वर्षांपूर्वी आपल्या मंडळाच्या अंकात छापून बसले की ही त्यांच्या डोक्यातून निघाली. त्यांना माझ्याकडून काही नाही, ही दुरुस्ती सोडून. आणि मी तरी काय केले? आजवर मी अशा झडपांचे दोनशे चौदा चेंबर बांधले. एकाही गिऱ्हाइकाला तिचे नाव सांगितले नाही.

कलम चौथे. माझ्यानंतर जो कोणी असे चेंबर बांधेल त्याला सूचना. नळीचे तोंड तळापासून नखाएवढेच वर असावे, जास्त नाही. झडपा बोटाने ढकलून नव्हे, फुंकर मारून उघडल्या पाहिजेत. तेल वाढवून भागेल असे कोणी म्हणाले तर ऐकू नये. तेल वर आले की इंजिनाच्या पोटात फिरणारा क्रँक ते घुसळतो, फेस होतो, आणि फेसाने बेअरिंग वाचत नाही. काट्याच्या शेजारी एक मोठा लाल दिवा लावावा, कारण वळणात चालकाचे डोळे रस्त्यावर असतात. आणि चेंबर कायमचा बसवण्याआधी आतल्या पत्र्याच्या कडांवर मुलांच्या खेळातली मऊ माती चिकटवावी, चेंबर लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरवावे, मग खोलून माती किती दबली ते पाहावे. सहा मिलिमीटरपेक्षा कमी जागा उरली असेल तर काम थांबवावे. उद्या शर्यत असली तरी थांबवावे. भाऊ बाहेर गाडी पुसत शीळ घालत असला तरी थांबवावे.

कलम पाचवे. आता जे लिहायचे ते लिहितो.

शर्यतीच्या आदल्या दुपारी माझ्या पत्नीने चेंबर पुरा केला. आम्ही दोन चेंबर आणले होते. एकात तिने खोली जोडली, दुसरा जुना, साधा. भिंगरी तिच्या खांद्यावरून वाकून पाहत होता. त्याने विचारले, "वहिनी, धरेल ना?"

"भावजी, गाडी मोडेल, पण माझा जोड सुटायचा नाही."

हे तिने सगळ्यांसमोर म्हटले. माझी आई तिथे होती, भावजय होती, शर्यतीतले दोन मित्र होते. मग ती घरी गेली, कारण पुतणीला ताप होता आणि भावजयीची कामाची पाळी होती. पुतणी तेव्हा सहा वर्षांची. आम्हाला मूल नाही. तापात तिला काकूच लागे.

संध्याकाळी पाच वाजता मी चेंबर लावला आणि इंजिन हाताने फिरवले. टक्. पुन्हा फिरवले. टक्. क्रँक पत्र्याच्या कडेला लागत होता. चूक तिची नव्हती. उंचीचे माप मी दिले होते आणि चार मिलिमीटरने चुकवले होते. कड कापून, झडपा उतरवून पुन्हा जोडायला दोन तास लागले असते. घर दहा मिनिटांवर होते. मला फक्त जाऊन म्हणायचे होते की माप चुकले, चल. ती आली असती. येताना दोन शब्द सुनावले असते, आणि आली असती.

मी गेलो नाही. सायलेन्सर फोडणारा अडाणी मला पुन्हा व्हायचे नव्हते. एवढेच कारण आहे. चौतीस वर्षे याहून मोठे कारण शोधतो आहे, सापडत नाही.

मी जुना, साधा चेंबर लावला. अर्धा लिटर तेल जास्त भरले. तिचा चेंबर पोत्यात गुंडाळून कारखान्यातल्या, गाडीखाली उतरून काम करायच्या खड्ड्यात फळ्यांमागे सरकवला. पुढच्या आठवड्यात गुपचूप कड घासून बसवू, असे मनात होते. भिंगरीने आत डोकावून विचारले, "दादा, बसला?"

मी म्हणालो, "बसला."

दुसऱ्या दिवशी सातव्या फेरीत, लांब वळणाच्या शेवटी, इंजिनाचा दांडा तुटून बाजूची भिंत फोडून बाहेर आला. तेल मागच्या चाकांखाली गेले. गाडी स्वतःच्याच तेलावर फिरली आणि आडवी होऊन दगडी कठड्यावर आदळली. मी धावत पोचलो तेव्हा भिंगरीच्या पायातला एक बूट रस्त्यावर होता, लेस बांधलेली.

काटा त्याने पाहिला असणार. त्याला वाटले असेल, काटा खोटा आहे, वहिनीची झडप खरी आहे. म्हणून त्याने पाय उचलला नाही. त्याआधीच्या सगळ्या सरावांत काटा झोपला की तो पाय उचलत असे.

कलम सहावे. चौकशीला आलेल्या तपासनीसाने विचारले, इंजिनात नवे काही केले होते का. मित्रांपैकी एक म्हणाला, "आत वहिनीने एक पत्रा जोडला होता." तपासनीसाने माझ्याकडे पाहिले. मी खाली पाहिले. त्याने लिहिले की बहुधा पत्र्याचा जोड सुटला आणि नळीचे तोंड बंद झाले. इंजिन खोलायचे का, असे त्याने विचारले. मी म्हणालो, "आता खोलून काय मिळणार?" माझी अवस्था पाहून त्याने आग्रह धरला नाही.

घरी आई तिला म्हणाली, "तूच म्हणाली होतीस ना, सुटायचा नाही म्हणून?"

त्या दिवसापासून तिने बत्ती हातात घेतली नाही. पहिल्या वर्षी ती मला चार-पाच वेळा म्हणाली, "अहो, एकदा खोलून बघू या. माझा जोड कुठे सुटला ते मला बघायचंय. पुढे कोणाचं असं व्हायला नको." मी प्रत्येक वेळी म्हणालो, जाऊ दे, जखम कशाला उकरायची. गाडी ताडपत्रीखाली झाकली ती तशीच आहे. तिला वाटले, मी तिला जपतो आहे. शेजारीपाजारीही म्हणत, काय नवरा आहे, एका शब्दाने बोलत नाही बायकोला.

भावजयीने तिला पुन्हा उंबऱ्याच्या आत घेतले नाही. मला घेतले. दर महिन्याला मी पुतणीला भेटायला जात असे. मला खुर्ची मिळे, चहा मिळे. पत्नी कोपऱ्यावरच्या बाकावर बसून राही आणि परत येताना विचारी, "उंची किती झाली? केस वाढवलेत का? माझं काही विचारलं?" मी म्हणत असे, हो, विचारलं. तेही खोटे.

चार वर्षांपूर्वी ती गेली. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात, सकाळी, नर्स चादर बदलून गेल्यावर तिने विचारले, "अहो, मी नीट जोडलं होतं ना?"

मी म्हणालो, "नीट जोडलं होतंस. तुझा जोड सुटलाच नाही."

आयुष्यात त्या एका गोष्टीबद्दल मी तिच्याशी बोललेले हे पहिले खरे वाक्य. मग माझ्या हातावर थोपटत म्हणाली, "किती चांगले आहात हो तुम्ही. खोटं असलं तरी बरं वाटलं."

मी पुढचे वाक्य बोलायला हवे होते. खड्ड्यातला चेंबर आणून तिच्या मांडीवर ठेवायला हवा होता. ती थकली होती, तिला झोपू द्यावे, असे मी मनाशी म्हटले. तिसऱ्या दिवशी ती गेली. भावजय त्यापूर्वीच गेली होती, आई कधीची गेली. जिने तिला दोष दिला आणि अजून जिवंत आहे अशी एकच व्यक्ती उरली, माझी पुतणी.

म्हणून या कलमाने मी जाहीर करतो की माझ्या भावाच्या मृत्यूचा जो दोष माझ्या पत्नीच्या नावावर चौतीस वर्षे राहिला, तो तिचा कधीच नव्हता. तो माझा आहे. तो मी परत घेत आहे. त्यावर दुसऱ्या कोणाचाही हक्क नाही.

कलम सातवे. माझे घर, कारखान्याची जागा आणि ताडपत्रीखालची लाल गाडी माझ्या पुतणीला द्यावी.

कलम आठवे. हे कलम नऊ दिवसांनी लिहीत आहे.

वकीलबाईंनी वरचे सगळे वाचले. चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "म्हणजे तुमच्या पुतणीला हे तुम्ही गेल्यावर कळणार?"

"हो."

"मग ती भांडणार कोणाशी?"

मी पुतणीला निरोप धाडला. ती मंगळवारी दुपारी आली. ती आता चाळीस वर्षांची आहे, रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, बोलणे मोजके. मी तिला स्टुलावर बसवले आणि मापापासून बुटापर्यंत सगळे सांगितले. शेवटी ती म्हणाली, "खोला."

मी, लेथवाला आणि ती. ताडपत्री काढली. बोल्ट गंजून बसले होते, पुरे दोन तास गेले. पुतणीने बाही वर करून बॅटरी धरली. चेंबर खाली आला तेव्हा त्यात काळा चिखल झालेले तेल होते आणि बेअरिंगचे तुकडे. पत्रा नव्हता, जोडाची खूणही नव्हती. तिने त्या चिखलात हात घालून तळ चाचपून पाहिला, चारी कोपरे. मग मी खड्ड्यात उतरलो आणि पोते वर दिले. तिने ते सोडले. झडपा गंजल्या होत्या. जोड मात्र सरळ, बारीक, एका दमात ओढलेला. ती त्यावरून अंगठा फिरवत राहिली.

"काका, माझ्या लग्नात काकू हॉलच्या दाराबाहेर उभी होती. हातात काहीतरी गुंडाळलेलं होतं. आईनं तिला आत घेतलं नाही. मी बघितलं आणि मान वळवली." मग तिने विचारले, "तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

मी म्हणालो, "गाडी लावत होतो."

"नाही. गाडी लावून झाली होती. तुम्ही पहिल्या रांगेत बसला होतात."

हे मी विसरलो होतो. खरे आहे. मी पहिल्या रांगेत बसलो होतो.

ती बराच वेळ हात पुसत राहिली. तेल जाईना. "मी तुम्हाला माफ करावं असं वाटतंय का?"

"नाही."

"बरं."

दुसऱ्या दिवशी ती वकीलबाईंकडे गेली आणि हे कागद मागून घेऊन तिथेच बसून वाचले. मग विचारले, साक्षीदार कोण? वकीलबाई म्हणाल्या, एक दातांचे डॉक्टर आहेत, मिस्त्रींचे जुने गिऱ्हाईक, दुसरा शोधायचा आहे. पुतणी म्हणाली, मी करते सही. वकीलबाईंनी समजावले, "तुला नाही करता येणार. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याची साक्ष चालत नाही. सही केलीस तर घर, जागा, सगळं जाईल."

"मग माझं नाव काढा," ती म्हणाली. "चेंबर मी बघितलाय. सही मीच करणार."

वकीलबाईंनी मला फोन केला. मी पुतणीला म्हणालो, "अगं, विचार कर. माझ्याकडे तुझ्याशिवाय दुसरं कोणी नाही."

"काकूकडेही नव्हतं," ती म्हणाली आणि फोन वकीलबाईंच्या हातात दिला.

म्हणून सातवे कलम रद्द. घर आणि जागा तंत्रशाळेला द्यावी. तिथे पत्राकाम शिकणाऱ्या मुलींना राहायची सोय करावी आणि दारावर माझ्या पत्नीचे नाव लावावे, माझे नको. गाडी भंगारात काढावी. माझ्या पुतणीला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. व्यवस्था पाहायला वकीलबाईंना नेमतो. मला जाळा, पुरा, जे सोपे पडेल ते करा. भाषणे नकोत.

वरचा मजकूर मी दोनदा वाचला. तो माझा आहे.

ठिकाण: कारखान्यातले कामाचे टेबल
दिनांक: १७ नोव्हेंबर, दुपारी चार

सही
(मृत्युपत्र करणारा)

साक्षीदार पहिला: मिस्त्रींनी माझ्यासमोर, पूर्ण शुद्धीत सही केली. मीही त्यांच्यासमोर सही करत आहे.
सही
(दातांचे डॉक्टर)

साक्षीदार दुसरी: काकांनी माझ्यासमोर सही केली. इंजिन माझ्यासमोर खोलले. चेंबरमध्ये पत्रा नव्हता. काकूने केलेला चेंबर मी हातात घेऊन तपासला आहे. त्याचा जोड कुठेही सुटलेला नाही.
सही
(पुतणी)